कोहळ्याची बोली

मनोहररावांचा आवाज विजेच्या खांबावर घडला होता. वीज मंडळात लाइनमन म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि खांबावर चढलेल्या माणसाला खालच्याशी बोलायचं तर कुजबुजून भागत नाही. पुढे नोकरी संपली, पण आवाज काही खाली उतरला नाही. सकाळी ते दूधवाल्याला "आज अर्धा लिटर जास्त दे गा" म्हणाले, की चार घरं पलीकडचे लोक आपापली पातेली घेऊन बाहेर यायचे. आणि अशा माणसाची बायको बहिरी होत गेली. देवालाही थट्टेची हौस दिसते, असं मी त्यांना एकदा म्हणाले होते. ते हसले नाहीत.

मी त्यांची शेजारीण, मेघा. हुडकेश्वरला आमच्या भिंतीला त्यांची भिंत. सहकारी बँकेत मी कॅशियर होते, म्हणून दुसऱ्याच्या पैशाची काळजी करायची सवय लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आमचं घर बौद्ध, सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. मनोहररावांचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आमच्याकडून जयंतीला खीर जायची, त्यांच्याकडून नाताळात करंज्या यायच्या, आणि डबा रिकामा परत करायचा नाही हा दोन्ही घरांचा धर्म.

माणूस उधळ्या नव्हता हे आधी सांगते. चहा बाहेर पीत नसत. एकच स्वेटर, कोपरावर बायकोने, कामिनीबाईंनी, रफू केलेला. पण देवाला द्यायचं म्हटलं की त्यांचा हात सैल सुटायचा.

त्याला कारण होतं. तरुणपणी नरखेड तालुक्यात काम करताना ते खांबावरून पडले होते. विजेचा झटका बसला आणि थेट खाली, पण खाली संत्र्याच्या बागेत झाडांभोवती नुकतीच माती खणून भुसभुशीत केलेली होती. जीव वाचला. कंबर मोडली ती बरेच महिने अंथरुणावर घेऊन गेली. त्या दिवसांत पदरात लहानगी लेक वैभवी, घरात पगार अर्धा, आणि कामिनीबाईंना काही सुचेना. तेव्हा त्यांची मंडळी, चर्चला ते मंडळीच म्हणतात, टिनाच्या शेडमध्ये जमणारी दहा-बारा कुटुंबं होती. त्यांनी पाळी लावून या घरी डबा पोचवला. कोणी बोलून दाखवलं नाही, कोणी हिशेब ठेवला नाही.

"मेघाताई, ज्यायनं मले डबा खाऊ घातला त्यायच्यातल्या कितीक जणायच्या घरी दोन वेळचं नव्हतं," ते मला सांगायचे. "हे आयुष्य माझं नाही. मले ते परत भेटलं आहे. त्यातलं थोडंसं देतो, तर तुम्ही भांडता."

मी भांडायचेच. त्यांच्यात मिळकतीचा दहावा भाग देवाला देतात, त्याला दशमांश म्हणतात. देवोत बापडे, आम्हीही विहाराला वर्गणी देतो. पण मनोहरराव हातात आलेल्या पगाराचा नव्हे, कपातीच्या आधीच्या आकड्याचा दहावा भाग काढायचे. मी म्हणायचे, "अहो, जे तुमच्या हाती आलंच नाही त्याच्यावरही?" तर म्हणायचे, "मग काय देवालेही कटिंग करून देऊ?" बँकेत त्यांची रिकरिंग पिकली, तर त्या रकमेचाही दहावा भाग त्यांनी बाजूला काढला. जे पैसे साठवले ते दशमांश देऊन उरलेलेच होते. एकाच उसाचा दोनदा रस काढताय, असं मी काउंटरच्या जाळीतून ओरडले. मॅनेजरने मान वर करून पाहिलं. मनोहरराव म्हणाले, "व्याज तर नवीन आहे न!" आणि गेले.

निवृत्तीचे पैसे आले ते असेच पांगले. वैभवीचं लग्न झालं, घराची मागची खोली झाली, आणि मंडळीच्या टिनाच्या शेडच्या जागी स्लॅबचं छत आलं. पेन्शन येते ती औषध, गॅस आणि विजेच्या बिलात संपते. वीज मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसाला विजेचं बिल भरताना मी घाम फुटलेला पाहिला आहे.

स्लॅबच्या वेळी कामिनीबाईंचं कानाचं मशीन पहिल्यांदा राहिलं.

त्यांचा कान लहानपणापासून वाहायचा. माहेरी कान वाहिला की लसणाचं तेल घालायचं आणि थांबला की विसरून जायचं, एवढाच उपचार. पन्नाशीनंतर दुसराही कान गेला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही कानांना मशीन लावा, आणि उशीर करू नका. कानाला शब्दांची सवय सुटली की पुढे मशीनही फार कामाचं राहत नाही. कामिनीबाई तेव्हा हसल्या होत्या. त्या काही मागणाऱ्यातल्या नव्हत्याच. सगळ्या आयुष्यात त्यांनी नवऱ्याजवळ हे एकच मागितलं, आणि तेही "सण झाला की घेऊ" असं म्हणून.

दुसऱ्यांदा मशीन राहिलं ते मंडळीत नवे स्पीकर आले तेव्हा. माझं तर डोकंच फिरलं. बायकोला ऐकू येत नाही आणि हा गृहस्थ स्पीकर घेऊन देतो! कामिनीबाई त्या स्पीकरच्या बरोबर खाली जाऊन बसायच्या. "लय चांगले आहेत वं, मेघाताई," मला म्हणाल्या. "गाणं छातीत वाजते." एके काळी त्या मंडळीच्या गानमेळ्यात गायच्या. 

फोनसाठी मात्र त्यांनी युक्ती काढली होती. वैभवी पुण्याला असते, नर्स आहे. तिचा फोन आला की या मध्ये मध्ये "हाव, हाव" करायच्या, थोड्या वेळाने "बरं झालं बाई, देवाची कृपा" म्हणायच्या आणि शेवटी "जेवली का?" आईच्या बोलण्यात याहून वेगळं असतं तरी काय? बहुतेक वेळा निभून जायचं.

एकदा निभलं नाही. वैभवीला लग्नानंतर फार वर्षांनी दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून तिने आईला फोन लावला. ती रडत म्हणाली, "आई, माझं बाळ गेलं वं."

कामिनीबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. देवाची कृपा. जेवली का?"

मी तेव्हा त्यांच्याच ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "खुश वाटली पोरगी." रात्री जावयाचा, प्रीतमचा, मनोहररावांना फोन आला तेव्हा खरं काय ते कळलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि बायकोला सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं, कारण दुसरा इलाज नव्हता. सगळ्या गल्लीने ते ऐकलं. मग कामिनीबाईंचं रडणं ऐकलं. वैभवीचा पुढे बरेच दिवस फोन आला नाही.

त्या दिवसापासून कामिनीबाईंनी युक्ती सोडली. कोणी काही बोललं की आधी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. चेहरा हसरा असला तर हसायच्या, पडलेला असला तर "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावायच्या. ओठ हलायचं थांबेपर्यंत एक शब्द बोलत नसत. भाजीवाल्याने दर सांगितला तरी त्या आधी त्याचा चेहरा बघत. मला ते बघवत नसे.

गेल्या पावसाळ्यात वैभवीने मला फोन केला. पुन्हा दिवस होते, आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. म्हणाली, "काकू, आईच्या मशीनचे पैसे तुमच्या खात्यात टाकते. बाबांच्या खात्यात टाकले तर ते आधी दहावा भाग काढतील."

मी म्हटलं, "पोरी, बिनपगारी सुट्टीवर आहेस न तू? आता काहून घाई करते?"

"यावेळी बाळ आलं की मी आईला सांगीन, आणि आईनं ते ऐकलं पाहिजे," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको."

चौतीस हजार आले. मी कामिनीबाईंना घेऊन धंतोलीला गेले, कानाचे साचे दिले. नोव्हेंबरमधला मंगळवार ठरला. पैसे भरायचे आणि मशीन कानात घालून घरी यायचं. मनोहरराव खरोखर खुश होते. फक्त एकदा त्यांनी चाचरत विचारलं, "ताई, पोरीनं पाठवलेल्या पैशाचा दशमांश...?" मी नुसतं बघितलं. "नाही, विचारलं फक्त," म्हणाले.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी त्यांचा हंगामाचा सण होता.

हा सण मला आवडतो. शेतातलं, परसातलं पहिलं पीक लोक देवाच्या घरी आणतात. हॉलमध्ये कापूस, सोयाबीन, संत्र्यांच्या टोपल्या, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं मांडून ठेवतात. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. मी दरवर्षी जायचे. भाजीच्या आशेने येते, असं मनोहरराव म्हणायचे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

लिलाव पुकारायला अर्थातच मनोहरराव. पद्धत अशी, की ते वस्तू डोक्यावर उचलून धरणार आणि विचारणार, "हे कोणाच्या घरचं?" ज्याने आणली त्याने हात वर करायचा, की सगळ्यांच्या टाळ्या. मग बोली सुरू. ते आकडा सांगणार, ज्याला तो मंजूर त्याने हात वर करायचा, मग पुढचा आकडा. घेणारा पुष्कळदा वस्तू परत देतो आणि ती पुन्हा लिलावात येते. एकेक लिंबू असं चार घरचे पैसे घेऊन फिरतं. शेवटी मनोहरराव "एक, दोन, तीन" म्हणाले की बोली पक्की. मग देवाचा बाप आला तरी ती मागे जायची नाही.

हे शेवटचं वाक्य माझं, पण नियम त्यांचाच. काही वर्षांपूर्वी सायकल दुरुस्तीवाले रामाजी उत्साहाच्या भरात कोंबड्यावर मोठी बोली लावून बसले आणि दुसऱ्या दिवशी हात जोडत आले, की हप्त्याने देतो. मनोहरराव म्हणाले, "देवाच्या घरातला शब्द हप्त्यानं पाळत नाही, रामाजी." रामाजींनी दुकानातला विजेवर चालणारा हवेचा पंप विकून पैसे भरले. आजही ते हातपंपाने हवा भरतात. दरवर्षी पहिल्या बाकावर बसतात.

त्या वर्षी कामिनीबाईंनी कोहळं आणलं होतं. पुण्याकडे त्याला लाल भोपळा म्हणतात. न्हाणीच्या पत्र्यावर चढवलेला वेल, त्याला त्यांनी पोरासारखं जपलेलं, आणि हे पहिलं फळ एवढं मोठं की ऑटोत आम्हा दोघींच्या मध्ये तिसऱ्या बाईसारखं बसलं. "यंदा टाळ्या पडतीन पहा," त्या मला म्हणाल्या. हॉलमध्ये बसल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर तयार होता.

मनोहररावांनी कोहळं उचललं. आणि का कोण जाणे, त्यांना संकोच वाटला. आपल्याच घरची वस्तू, आपणच विचारायचं, आपल्याच बायकोने हात वर करायचा! "हे आपलं घरचंच आहे," असं पुटपुटून त्यांनी प्रश्न गाळला आणि थेट बोली पुकारली, "पाचशे!"

कामिनीबाईंना दिसलं ते एवढंच, की नवऱ्याने कोहळं डोक्यावर धरलं आहे आणि त्याचे ओठ हलले. दरवर्षीचा तोच प्रश्न. त्यांनी हात वर केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरच्याच बाईने पहिली बोली लावली म्हणून. टाळ्या दिसल्या तशा त्या आणखी खुलल्या. पलीकडे अंकुशभाऊ बसले होते, प्लॉट पाडून विकणारे, दिलदार माणूस. हजार पुकारताच त्यांनी हात वर केला. दोन हजार. कामिनीबाईंचा हात वरच. पाच हजार. अंकुशभाऊ हसत हात वर करत होते, काकूंची गंमत करावी म्हणून, आणि देवाच्या कामाला तेवढेच जास्त म्हणून. मनोहरराव पुकारण्याच्या रंगात होते, बायकोचा हात ते बोलीचाच धरत होते. प्रत्येक आकड्याला टाळ्या वाढत होत्या आणि प्रत्येक टाळीला कामिनीबाईंचा हात उंच जात होता.

आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. मी त्यांचा हात खाली ओढला. "थांबा न वं!" म्हणून त्यांनी तो सोडवून घेतला. मी उभी राहून "मनोहरभाऊ, अहो!" अशी ओरडले, पण त्या स्पीकरपुढे माझा आवाज काय टिकणार? त्यांनीच घेऊन दिलेले स्पीकर ते.

तीस हजारांना अंकुशभाऊंनी शेवटचा हात वर केला आणि मग दोन्ही हात जोडले. "काकू, तुमच्यापुढे मी हरलो."

"एकतीस हजार," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

त्यांना कळलं. एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचा हात कशासाठी वर आहे ते कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान जोरजोरात हलवून नाही म्हणत होते. मग त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली. रामाजी मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. रामाजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"एक," मनोहरराव म्हणाले. "दोन."

मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज येऊन नाही राहिला!"

"तीन."

सगळा हॉल उठून उभा राहिला. कोहळं बोली जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचं म्हणून दोन माणसांनी आणून कामिनीबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहा वं," मला म्हणाल्या, "देवानं माझंच मले वापस दिलं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, पण त्या बाईचा हात किती निर्मळ होता ते मी शेजारून पाहिलं आहे.

संध्याकाळी त्यांनी त्याच कोहळ्याची गूळ घातलेली गोड बोंडं तळली आणि गरमागरम ताट घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या मागे मनोहरराव. दारातच उभे राहिले.

"ताई, ते पैसे," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हप्त्याने द्या म्हटलं. ते म्हणाले, "रामाजीले मी हप्ते पाडू देल्ले नव्हते." उद्या मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, जाऊन भेटते म्हटलं, तर कळलं की पाळक स्वानंद दुपारीच घरी येऊन गेले होते. कुठूनतरी त्यांच्या कानावर गेलं होतं. तरुण, सरळ मुलगा. "काका, चूक झाली असेल तर बोली रद्द करू, देव काय वसुलीला बसलाय?" असं तो म्हणाला होता. मनोहररावांनी त्याला नाही म्हणून परत पाठवलं होतं.

"पाळक सोडून राहिला, देव सोडून राहिला, मग तुम्ही काहून धरून बसले?" मी ओरडले.

"त्या दिवशी रामाजीलेही देवानं सोडलं असतं," ते म्हणाले. "मीच नाही सोडलं. आता माझ्याच घरी आलं, तर कोणत्या तोंडानं सोडू?"

त्या वाक्याचा मला अजून राग येतो. 

कामिनीबाई आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. मी त्यांना खाली बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले, की हात वर केला ती बोली झाली, एकतीस हजारांची. दोनदा ओरडावं लागलं. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"मले वाटलं, त्यायनं विचारलं, कोणाच्या घरचं," त्या म्हणाल्या. ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "देऊन टाका ताई. हात त मीच वर केला न. त्यायले खाली पाहाले लावू नका."

पैसे वैभवीचे होते, म्हणून मी तिला फोन केला. सगळं सांगितलं.  मग ती म्हणाली, "द्या काकू. भरलेल्या मंडळीत वर गेलेला आईचा हात आता मी कसा खाली ओढू?" तिला बापाचं सगळं कळत होतं. त्याच डब्यांवर तीही वाढली होती.

मंगळवारी मी धंतोलीला जायच्या ऐवजी बँकेत गेले. मंडळीच्या कुंपणाच्या भिंतीचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं. मशीनसाठी मी माझे पैसे देऊ केले, तेव्हा कामिनीबाई म्हणाल्या, "नाताळ होऊन जाऊ द्या, मग घेऊ. वैभवीले तर जानेवारीची तारीख आहे." मी डॉक्टरांकडे नवीन वार घेऊन ठेवला, नाताळच्या पुढचा. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक मी बँकेत रोज पाहिले. या घरासारखं उलटं गणित मी कुठे पाहिलं नाही.

डिसेंबरातली दुपार होती. कामिनीबाई अंगणात उन्हाला बसून कोहळ्याच्या बिया निवडत होत्या, काही खायला, काही पुढच्या वर्षीच्या वेलाला. मी बाजूला पाटावर बसले होते. मनोहरराव दारातल्या खुर्चीवर होते, आणि त्यांचा फोन वाजला.

प्रीतम होता. वैभवीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी झाली होती. लहान होती, पण धडधाकट होती, आणि बाळंतीणही ठीक होती. मनोहररावांनी फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. मग वैभवीचा थकलेला आवाज आला, "बाबा, आईजवळ फोन द्या. मी बोलत नाही, बाळालाच बोलू देते." आणि फोनमधून बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं.

मनोहरराव उठले. फोन घेऊन बायकोसमोर गेले, मातीत गुडघे टेकून बसले आणि तो त्यांच्या कानाला लावला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ते रडायला लागले. एवढा दांडगा माणूस गदागदा हलत रडत होता. आनंद होता त्यात, आणि दुसरंही होतं, जे त्या रविवारपासून त्यांनी आत कोंडलं होतं.

कामिनीबाईंनी फोन ऐकला नाही. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला.

त्यांच्या हातातल्या बिया सांडल्या. "पुन्हा गेलं?" असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला आणि हंबरडा फोडला. मी आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली, तसलं रडणं पुन्हा ऐकायची माझी ताकद नाही.

"नाही वं! मुलगी झाली! जित्ती आहे, जित्ती!" मनोहरराव ओरडले. एका खांबावरून दुसऱ्या खांबावर पोचणारा तो आवाज. समोरच्या घरांची दारं उघडली, गच्चीवरची माणसं कठड्याशी आली. सगळ्या गल्लीला कळलं की मनोहररावांना नात झाली. मी धावत पुढे झाले आणि कामिनीबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरून हसायला लागले, मुद्दाम, मोठ्याने, दात दाखवून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. कोणाचा चेहरा खरा धरायचा ते त्यांना कळेना, आणि त्या रडतच राहिल्या.

फोन खाली बियांमध्ये पडला होता. त्यातून वैभवी विचारत होती, "बाबा, आई काहून रडून राहिली?" आणि तिच्या मागे बाळ जोरजोरात रडत होतं. आम्हा दोघांना ते स्पष्ट ऐकू येत होतं.